काचेआडचे खिळे

इटलीला जाऊन आलो म्हटलं की लोक हटकून दोन गोष्टी विचारतात. पाण्यातलं शहर पाहिलंस का, आणि तो तिरका मनोरा खरंच पडेलसा वाटतो का? यातलं मी काहीच पाहिलं नाही. मी पाहिला एक यंत्रांचा कारखाना, त्याच्यासमोरची एक खानावळ, आणि तिथून दीड तासावरच्या एका जुन्या गावातलं छपाईच्या इतिहासाचं म्युझियम. कारखान्याबद्दल आणि खानावळीबद्दल आमच्या करी रोडच्या चाळीत मी दोनदा भाषण दिल्यासारखं बोललो. म्युझियमबद्दल तिथे कधीच बोललो नाही. ते आता लिहितो आहे.

निघण्याआधी

मी गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी. शिशाचं एकेक अक्षर, त्याला आम्ही खिळा म्हणतो, खणातून उचलायचं, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळीच्या मापाच्या लोखंडी पट्टीत, ओळीने लावायचं, ओळ भरली की पुढची घ्यायची, हे माझं काम. आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांत वडील तात्या. ठाकूरद्वारच्या एका चाळीत राहणारे, साठीला टेकलेले, डोळे मिटून कुठल्याही खणातलं अक्षर उचलणारे. मला काम त्यांनीच शिकवलं. मी नवा आलो तेव्हा माझ्या जातीचा माणूस खिळ्यांना हात लावतो हे दोघातिघांना रुचलं नव्हतं. माझी केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची लाकडी पेटी, दाराजवळ मांडली होती आणि पाण्याचा पेला वेगळा होता. तात्यांनी केस उचलून आत आपल्या शेजारी आणली. पेल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. तो आणखी चार वर्षं तसाच राहिला.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत आम्हाला मान वर करायला उसंत नव्हती. पत्रकं, सभांच्या जाहिराती, निषेधाचे ठराव. भिंतीवर लावायच्या जाहिरातींना मोठी लाकडी अक्षरं लागतात. आमच्याकडे एवढ्या मोठ्या मापाचा ‘ष्ट्र’ नव्हता, तर तात्यांनी सागाच्या तुकड्यातून तो स्वतः कोरला. एका पत्रकापायी ते आठ दिवस तुरुंगात बसून आले. आमचे मालक अण्णासाहेब सभांना व्यासपीठावर बसत आणि मुंबई ही मराठी कामगाराच्या घामाची आहे असं सांगत. बोलत छान. आम्हीही टाळ्या वाजवायचो.

राज्य झालं त्याच्या आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर अण्णासाहेबांनी मला खोलीत बोलावलं.

“सखाराम, इटलीला जाशील?”

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांनी समजावून सांगितलं. तिकडच्या एका कारखान्यात ओळच्या ओळ ओतणारं यंत्र होतं. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, पितळेचे साचे खाली येऊन ओळीत बसतात, त्यात वितळलेलं शिसं जातं आणि अख्खी ओळ तयार होऊन बाहेर पडते. इंग्रजी छापखान्यांत हे कधीचंच होतं. आता त्या कारखान्याने मराठी अक्षरांचे साचे करायला घेतले होते आणि ते बरोबर उतरलेत का हे सांगायला अक्षर ओळखणारा, थोडं इंग्रजी बोलणारा माणूस त्यांना हवा होता. अकरांत मॅट्रिक झालेला मी एकटा.

“आणि आपली माणसं?” मी विचारलं.

“एकालाही हात लावणार नाही. अरे, राज्य होणार, सरकारी कामं येणार. माणसं वाढवावी लागतील. माझा शब्द आहे.”

बाहेर येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, “जा. साचे नीट बघ. तू पास केलेलं अक्षर मी चष्मा न लावता छापायला घेईन.” घरी आईने लोकरीची कानटोपी काढली आणि एवढंच म्हणाली, “तकडं थंडी लय आसंल. कान बांधून ऱ्हा.”

बोटीवरच्या दिवसांत सांगण्यासारखं थोडंच आहे. बोट लागल्यामुळे पहिले दोन दिवस मी आडवाच होतो. तिसऱ्या दिवशी डेकवर येऊन बसलो तर शेजारी एक मराठी गृहस्थ भेटले. मुंबईतलं जुनं घराणं, मुलाला भेटायला विलायतेला निघालेले. फार आनंद झाला त्यांना. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणाले. मग नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. मी सांगितलं, आणि तीन वर्षांपूर्वी धम्म घेतला तेही सांगितलं. ते अगदी सभ्यपणे हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची डेकच्या पलीकडच्या बाजूला असायची.

कारखान्यासमोरची खानावळ

कारखान्याचं गाव उत्तरेत, सपाट प्रदेशात. सकाळी एवढं धुकं की समोरची चिमणी दिसू नये. गिरण्यांच्या धुरात वाढलेल्या माणसाला धुकं म्हणजे काय वाटणार, असं मी म्हणत होतो. पण आमचा धूर निदान गरम असतो. पहिल्याच दिवशी रस्त्यावर गोठलेल्या पाण्यावरून मुंबईचे चपट्या तळाचे बूट सरकले आणि मी कारखान्याच्या फाटकात शिरलो तो बसकण मारूनच.

राहायची सोय खानावळीच्या माडीवर. मालकीणबाईंनी पहिल्या संध्याकाळी मला वेगळ्या टेबलावर बसू दिलं नाही. दंडाला धरून घरच्यांच्या टेबलाशी बसवलं. मध्ये एक लाकडी पाट, त्यावर पिवळाधमक गोळा. मक्याच्या पिठाचा, घट्ट शिजवलेला. त्या बाईंनी सुतळीने तो गोळा कापला आणि सगळ्यांच्या आधी मला वाढला. मग खारवून वाळवलेल्या माशाचं कालवण आलं. तो वास आला आणि मला एकदम कुलाब्याच्या कोळ्यांच्या वळणी दिसल्या, उन्हात टांगलेले बोंबील दिसले. आई कण्या शिजवायची, त्यावर सुकटीचं कालवण घालायची. हे तेच होतं. गरिबाचं अन्न जगभर एकाच वासाचं असावं. एकाच पाटावरून ते सहा जण आणि मी जेवलो. माझं आडनाव त्यांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, आणि ते कशासाठी विचारतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

कॉफीची मात्र फजिती झाली. अंगठ्याएवढ्या कपात तळाशी दोन घोट. मी ते पिऊन उरलेल्या कॉफीची वाट बघत बसलो. बराच वेळ. ती नंतर येत नाही.

कारखान्यात माझ्याबरोबर दुभाषी म्हणून कार्ला नावाची बाई होती. तिथल्या कचेरीत टंकलेखन करायची, वय तिशीच्या आसपास, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. रोज सकाळी साच्यांवरून छापलेला कागद माझ्यापुढे यायचा आणि मी लाल पेन्सिलीने खुणा करायचो; दुपारी यंत्र चालवायला शिकायचो. तिथले कारागीर हुशार होते, पण अक्षर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यांच्या हातून ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच व्हायचे. ‘ळ’ म्हणजे त्यांना आडवा पडलेला इंग्रजी आठ वाटायचा. आणि ‘ष्ट्र’ त्यांनी केलाच नव्हता. तो तीन तुकडे जोडून करू म्हणाले.

मी म्हटलं, “नाही. तो एकच हवा.”

“एका अक्षरासाठी वेगळा साचा?” कार्लाने मुख्य कारागिराचं म्हणणं सांगितलं. “ते कितीदा लागतं?”

मग मी तिला सगळं सांगितलं. आमची भाषा, आमचं राज्य, मुंबई आम्हाला द्यायची नाही म्हणून चाललेली भांडणं, रस्त्यात पडलेली माणसं. या अक्षराशिवाय आमच्या राज्याचं नाव लिहिता येत नाही, हेही. तिने ते कारागिराला सांगितलं. तो म्हातारा गंभीर झाला, आणि चौथ्या दिवशी ‘ष्ट्र’ घेऊन आला. सुरेख उतरला होता. मला तेव्हा अभिमान वाटला. आज लिहिताना त्या अभिमानाची लाज वाटते.

काम संपत आलं. सोमवारी शेवटच्या कागदावर मी सही करायची होती. सही झाली की यंत्र बोटीवर चढणार. शुक्रवारी कार्ला म्हणाली, “रविवारी मोकळे आहात ना? माझ्या आईच्या गावी चला. तिथे छपाईचं म्युझियम आहे. माझे मामा तिथे राखणदार आहेत. तेही जुळारीच होते.”

म्युझियम

गाव टेकडीवर होतं. भोवती विटांचा तट, आत अरुंद गल्ल्या, त्यांत उन्हाला वाळत घातलेले कपडे. म्हटलं, आमच्या गिरगावातल्या झावबावाडीची इटालियन बहीण दिसते. चौकात दुमजली दगडी इमारत. दारावर पितळी पाटी, तिच्यावर एका माणसाचं नाव.

“हे कोण?” मी विचारलं.

“छापखान्याचे मालक. ही इमारत म्हणजे त्यांचाच छापखाना. बंद केल्यावर त्यांनी गावाला म्युझियम दिलं.”

कार्लाचे मामा, बेप्पे त्यांचं नाव, दारातच उभे होते. सत्तरीचे, ठेंगणे, राखी रंगाचा डगला, छातीवर बिल्ला. हात मिळवला आणि माझा हात सोडलाच नाही. उलटा करून अंगठ्याकडे बघितलं. आमच्या अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडतो, खिळे दाबून दाबून. त्यांनी आपला अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी धरला आणि भाचीला काहीतरी म्हणाले.

“म्हणतात, याला तिकीट लावू नकोस.”

पहिल्या दालनात लाकडी दाबयंत्र होतं. उसाच्या चरकासारखा मधे जाड स्क्रू आणि ओढायला दांडा. जमिनीवर जिथे दांडा ओढणारा माणूस पाय रोवून उभा राहायचा, तिथली फरशी झिजून वाटीसारखी झाली होती. दुसऱ्या दालनात पुस्तकं, चामड्याची, बिजागऱ्यांची. एक पान शेळीच्या कातड्यावर छापलेलं. शाई अजून ओली वाटावी इतकी काळी. मी फार वेळ त्या पानापुढे उभा राहिलो. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणा जुळाऱ्याने ते जुळवलं होतं आणि ओळींच्या कडा दोन्हीकडून सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. नाव खाली होतं, पण ते छापखान्याच्या धन्याचं.

तिसऱ्या दालनात जगातल्या लिप्या होत्या. पूर्वी पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी दूरदेशीची अक्षरं कोरवून घेतली, त्यांचे नमुने. अरबी, चिनी, आर्मेनियन. आणि कोपऱ्यात एका चौकटीत एक पिवळा कागद. मी जवळ गेलो. अक्षरं ओळखीची होती पण वाचता येईनात. मान तिरकी केली तेव्हा कळलं. कागद उलटा लावला होता. शिरोरेषा खाली आणि काने-मात्रा आकाशाकडे पाय केल्यासारख्या.

मला हसू आलं. बेप्पेमामांना खुणेने दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. चौकट खाली उतरवून त्यांनी माझ्याच हातात दिली. मी ती फिरवून सरळ टांगली. अ, आ, इ, ई. वेडीवाकडी, कुणी तरी न वाचता येणाऱ्याने कोरलेली, पण आमची.

कार्ला खालची पाटी वाचत होती. “इथे लिहिलंय, हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांची लिपी.” तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही ब्राह्मण का?”

एवढ्या लांब येऊन हा प्रश्न. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं.

“नाही,” मी म्हटलं. “माझ्या आज्याला ही लिपी शिकायची बंदी होती. मी ती जुळवतो.”

चौथं दालन शेवटचं. त्यात शिरलो आणि मी थांबलो. कारण हे म्युझियम नव्हतंच, आमचा छापखाना होता. तसल्याच उतरत्या केसेस, खिडकीच्या उजेडाला तोंड करून मांडलेल्या. तसेच खण, जुळवलेल्या ओळी ठेवायच्या गॅल्या, सुतळीचे गुंडे, शिसं घासायचा ब्रश. फक्त सगळ्याला काच होती आणि काचेवर पाट्या होत्या. जशी स्टिक मी दोन महिन्यांपूर्वी गिरगावात खुंटीला लावून आलो होतो, तशीच एक निळ्या मखमलीवर ठेवलेली. पाटीवर लिहिलं होतं, ‘पूर्वीच्या काळी अक्षरं जुळवण्याचं साधन’.

बेप्पेमामा म्हणाले आणि कार्लाने सांगितलं, “ती माझी आहे. छत्तीस वर्षं वापरली. आता किल्ली माझ्याकडे आहे, पण तिला हात लावायचा तर वरून परवानगी लागते.”

एकच केस उघडी होती. पाहुण्यांचं नाव जुळवून छापून द्यायला. त्यांनी माझं नाव रोमन लिपीत जुळवलं. हात काय चालत होता! डोळे माझ्याकडे आणि बोटं खणात. मी खुणेने विचारलं, मी करू? त्यांनी केस माझ्यापुढे केली. त्यांच्या खणांची मांडणी मला ठाऊक नव्हती. मी चाचपडत ‘BEPPE’ जुळवलं आणि एक अक्षर उलटं लागलं. त्यांनी चिमट्याने ते उचलून सरळ केलं. तात्या करायचे तसंच, न बोलता.

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही किती जण आहात?”

“अकरा.”

“आणि यंत्र येतंय.”

“हो. पण मालकांनी शब्द दिलाय. कुणाला काढणार नाहीत.”

कार्लाने हे सांगितलं आणि म्हातारा हसला नाही. खुर्ची ओढून बसला. यानंतर तो जे बोलला ते कार्लाने थांबत थांबत सांगितलं. शेवटी शेवटी तिचाही आवाज खाली आला. हे तिलाही माहीत नव्हतं.

इथे चौतीस जुळारी होते. मालकांनी यंत्र आणायचं ठरवलं तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांदेखत शब्द दिला की एकही घर उपाशी राहणार नाही. यंत्र शिकायला एका माणसाला शहरात पाठवलं. तो तीन महिने राहून शिकून आला. त्याला यंत्र चालताना बघूनच कळलं होतं की एक माणूस सहा जणांचं काम करतो. आकडा मांडायला शाळा लागत नाही. पण तो परत आला तेव्हा सोबत्यांनी विचारलं आणि त्याने मालकांचा शब्द त्यांना सांगितला. मालकांनी आधी घाईची कामं उरकून घेतली. मग वसंतात सत्तावीस जणांना काढलं, पुढच्या वर्षी उरलेल्यांना.

“तो माणूस कोण?” मी विचारलं. पण मला उत्तर आलं होतं.

“मी. मला शेवटपर्यंत ठेवलं. यंत्र जुनं झालं, छापखाना बंद पडला, तेव्हा हा बिल्ला दिला.” त्यांनी छातीवर बोट ठेवलं. “गावात तीन गुत्ते आहेत. तिन्हींत माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. पंधरा वर्षं झाली. त्यांना काढलं म्हणून नाही. काढतात मालक. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, म्हणून.”

जाताना त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. “तू यंत्र अडवू शकणार नाहीस. कुणीच अडवू शकत नाही. पण जाऊन आधी सांग. पहिल्या दिवशी, बोटीवरून उतरल्यावर. नंतर सांगता येत नाही. नंतर जीभ जड होते.”

सोमवार

रविवारी संध्याकाळीच मी तात्यांना पत्र लिहायला बसलो. चार ओळी लिहिल्या. ‘यंत्र एकटं सहा जणांचं काम करतं. मालक काही म्हणोत, दोघांपेक्षा जास्त लागणार नाहीत. तुम्ही सगळ्यांनी आत्तापासून दुसरीकडे बघावं.’

मग थांबलो. का थांबलो ते खरं लिहितो. हे लिहिण्याचं कारणच ते आहे.

लागणाऱ्या दोघांत मी असणार होतो. यंत्र मलाच येत होतं. माझ्या आजवरच्या आयुष्यात कुठल्याही रांगेत मी पहिला नव्हतो. मला वाटलं, पत्र पोचलं तर ते काम बंद पाडतील, यंत्र उतरवू देणार नाहीत, आणि मी पुन्हा अकरातला एक. आणि खरं म्हणजे तो वेगळा पेला आठवला. चार वर्षं रोज त्याच खिडकीत ठेवलेला. ज्यांनी तो ठेवला ते दोघं-तिघं आठवले. त्यांच्यावरचा राग मी दहाही जणांवर काढला. तात्यांवरही. ते पेल्याबद्दल बोलले नव्हते, मी पत्राबद्दल का बोलू?

पत्र फाडलं. सोमवारी शेवटचा कागद आला, त्यात एकही चूक नव्हती. मी सही केली. सगळ्यांनी हात मिळवले, लाल दारू ओतली. कार्ला मात्र सहीकडे बघत उभी होती. “मामांना काय सांगू?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सांग, मी जाऊन सांगणार आहे.”

परत

बॅलार्ड पिअरला सगळे आले होते. हार घेऊन. आमच्या अकरांतलाच लालबागचा पांडुरंग माझ्याच वयाचा, आम्ही बरोबर नाटकं बघायचो, तो गर्दीतून घुसून पुढे आला आणि मला उचललंच.

“काय रे, गोरा होऊन येशील वाटलं होतं!” मग हळूच म्हणाला, “एक विचारायचंय. दादरच्या एका छापखान्यात मला बोलावलंय. पक्की जागा आहे. जाऊ का? का इथंच बरं? यंत्राचं काय बघितलंस तू?”

तात्याही ऐकत होते. बाकीचे जवळ सरकले. बेप्पेमामा म्हणाले होते ती वेळ हीच, बोटीवरून उतरल्यावरची. मी सगळ्यांची तोंडं बघितली.

“मालकांनी शब्द दिलाय ना,” मी म्हटलं. “मग कशाला जातोस?”

पांडुरंग गेला नाही.

यंत्र आलं, बसलं. मी चालवू लागलो. राज्य होणार हे नक्की झालं आणि कामांचा पूर लोटला. विशेषांक, स्वागताच्या जाहिराती, समारंभांच्या पत्रिका. यंत्र आणि अकराही जण दिवसभर राबत होते. राज्य झालं त्या दिवशी गिरगावात कमानी होत्या, दिव्यांच्या माळा होत्या, तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अण्णासाहेबांनी सगळ्यांना पेढे दिले, स्वतःच्या हाताने.

त्या महिन्याच्या अखेरीला नऊ जणांच्या हातात कामावरून काढल्याचे कागद पडले. तात्यांच्याही. ते कागद यंत्रावर ओतलेल्या ओळींचे होते. मजकूर मालकांच्या पुतण्याने माझ्यापुढे ठेवला होता आणि मी तो बटणं दाबून ओतला होता. मला ठेवलं, आणि जाहिरातींच्या मोठ्या अक्षरांसाठी एकाला.

कुणी मला काही म्हटलं नाही. त्यांना वाटत होतं की मीही फसलोय. उलट एक जण जाताना म्हणाला, “सखाराम, तुझा काय दोष? तू तरी काय करणार?” हे मला सहा महिने पुरलं. त्यानंतर मी तात्यांकडे गेलो.

ते खिडकीशी बसून कुणाच्या तरी मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासत होते. आता असली किरकोळ कामं मिळायची. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्युझियम, म्हातारा, पत्र, पेला, सही.

“पेल्याचं बरोबर आहे,” शेवटी ते म्हणाले. “मी बोलायला हवं होतं. ते माझ्यावर आहे. माझ्यावर काढलंस तर मी काही म्हणणार नाही.” मग चष्मा काढून पुसला. “पण पांडुरंग त्या वेळी आपल्यात नव्हताच रे. तो तर तुझ्यानंतर लागला. आणि तू नाही म्हणालास म्हणून त्याने ती दादरची जागा सोडली. मला येऊन सांगून गेला, सखाराम बघून आलाय, तो म्हणतो ते खरं. हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग. एकेकाला.”

एकेकाला सांगत सुटलो. तिघांचे पत्ते लागले नाहीत. एक जण गावी निघून गेला होता. एकाने ऐकून घेतलं आणि दार लावलं. एकाच्या बायकोने जिन्यावरूनच परत पाठवलं. एक जण चक्क हसला, म्हणाला, मी तुझ्या जागी असतो तरी तेच केलं असतं. त्या हसण्याने सगळ्यांत जास्त लागलं.

पांडुरंगला मी शेवटपर्यंत टाळलं. तो लालबागला एका मिरची कांडपाच्या गिरणीत लागला होता. गेलो तेव्हा भर दुपार होती, दारात बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात डबा. आत लाल धुरळा. पांडुरंगच्या तोंडाला फडकं, पापण्यासुद्धा लाल. वर लोखंडी मुसळं एकामागून एक आदळत होती.

“पांडू, एक सांगायचं होतं,” मी म्हटलं.

त्याने कानाला हात लावला. “काय?”

“बोटीवरून उतरलो तेव्हा तू विचारलंस ना... मला माहीत होतं.”

“काय म्हणतोस? जोरात बोल!”

“मला माहीत होतं!” मी ओरडलो. “यंत्र आलं की तुम्हाला काढणार, हे मला माहीत होतं! मी मुद्दाम सांगितलं नाही!”

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. पांडुरंगने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, मुसळं दोन-चारदा आदळेपर्यंत. मग खाली वाकून पुढच्या बाईचा डबा उचलला, मिरच्या उखळात ओतल्या आणि फडक्याआडून म्हणाला, “लांब उभा राहा. डोळ्यांत जाईल.”